सागवानी दार-खिडकी आणि फर्निचर : लाकूड निवडण्यापासून पॉलिशपर्यंत

घराचे मुख्य दार, खिडक्यांच्या चौकटी किंवा पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असा पलंग करायचा ठरला की बहुतेक मराठी घरांत पहिले नाव सागाचे निघते, आणि ते योग्यही आहे. मात्र बिलावर ‘सागवान’ लिहिलेले असले म्हणजे काम झाले, हा समज महागात पडतो. सागाचे सगळे गुण त्याच्या गाभ्यात, म्हणजे बाहेरच्या पांढरट थराच्या आतल्या गडद लाकडात, असतात. ते गुण कामी यायचे तर लाकूड नीट सुकलेले असावे लागते आणि सुतारकाम करताना त्याच्या फुगण्या-आकसण्याला जागा ठेवावी लागते. यांतली एक गोष्ट जरी हुकली, तरी महागड्या लाकडाचे दार पावसाळ्यात अडकते, टेबलाचा वरचा भाग मधोमध फाटतो किंवा चौकटीच्या कडेतून भुसा गळू लागतो. हा लेख पहिल्यांदाच लाकूड खरेदी करणाऱ्यांसाठी आणि नव्याने सुतारकाम शिकणाऱ्यांसाठी आहे.

साग इतका टिकतो तरी कशामुळे

सागाचे शास्त्रीय नाव टेक्टोना ग्रँडिस असे असून भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस या चार देशांत तो नैसर्गिकरीत्या वाढतो. वाळलेल्या सागाचे वजन घनमीटरला साधारण 600 ते 680 किलो, म्हणजे घनफुटाला सुमारे 17 ते 19 किलो भरते. याहून जड आणि याहून कठीण लाकडे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ऐन, शिसव आणि खैर ही त्यांतली ओळखीची नावे. सागाचे वैशिष्ट्य असे, की वजनाच्या मानाने त्याची ताकद चांगली, फुगणे-आकसणे कमी आणि टिकाऊपणा फार मोठा, आणि हे तीनही गुण एकाच लाकडात मिळतात. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने भारतीय लाकडांच्या गुणांची तुलना करताना सागाला 100 मानून बाकीच्यांचे आकडे काढले, ते याच समतोलामुळे.

टिकाऊपणाचे कारण गाभ्यातल्या द्रव्यांत आहे. गाभ्यात नैसर्गिक तेलकट द्रव्ये आणि टेक्टोक्विनोनसारखी रसायने असतात, त्यामुळे वाळवी आणि बुरशी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. शिवाय ओकच्या लाकडात लोखंडी खिळा लवकर गंजतो, तसा त्रास सागात फारसा होत नाही, आणि जुन्या जहाजबांधणीत सागाला एवढा मान होता त्याचे हे एक मोठे कारण होते. मुंबईच्या गोदीत 1817 साली बांधलेले एच.एम.एस. ट्रिंकोमाली हे सागवानी जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे. आपल्या जवळचा दाखला हवा असेल तर कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर करून पाहावे. छताखालच्या लाकडी कमानी सुमारे 2000 वर्षांपासून तिथे आहेत.

पहिली पायरी : साग कुठे लागेल आणि कुठे लागणार नाही

साग स्वस्त नाही, आणि घरातल्या प्रत्येक कामाला त्याची गरजही नाही. ऊन-पाऊस लागणारे मुख्य दार, बाहेरच्या खिडक्या, न्हाणीघराच्या दाराची चौकट, गॅलरीतला बाक, झोपाळ्याची फळी, देव्हारा, पलंग आणि जेवणाचे टेबल या जागी केलेला खर्च वसूल होतो. भिंतीतल्या कपाटांचे आतले कप्पे, ड्रॉवरचे तळ, पलंगाखालच्या पेटीची पाठ या ठिकाणी चांगल्या प्रतीचे प्लायवूड पुरते, किंबहुना रुंद पृष्ठभागासाठी तेच सरस, कारण प्लायवूड ऋतूनुसार आकसत नाही. ठरलेल्या पैशांत सगळीकडे हलका, पांढरट साग घालण्यापेक्षा मोजक्या जागी पक्क्या गाभ्याचा साग आणि बाकी ठिकाणी दुसरे साहित्य वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी : घनफुटाचा हिशेब स्वतः करावा

वखारीत लाकूड घनफुटावर विकले जाते, म्हणून जाण्याआधी तुकड्यांची यादी घरीच करावी. कापलेल्या लाकडाचा हिशेब सोपा आहे: फुटांतली लांबी, इंचांतली रुंदी आणि इंचांतली जाडी यांचा गुणाकार करून त्याला 144 ने भागले की घनफूट मिळतात. उदाहरणार्थ, उंबरठ्यासह एका दाराच्या चौकटीला 7 फुटांचे दोन उभे आणि साडेतीन फुटांचे दोन आडवे नग लागतील, म्हणजे एकूण 21 फूट. नग 5 इंच रुंद आणि अडीच इंच जाड असेल, तर 21 गुणिले 5 गुणिले 2.5 म्हणजे 262.5, आणि त्याला 144 ने भागून 1.82 घनफूट. रंधा मारल्यावर प्रत्येक बाजूने थोडे लाकूड जाते, टोके छाटली जातात, एखाद्या गाठीपाशी तुकडा सोडून द्यावा लागतो. म्हणून तयार मापावर किमान पाचवा हिस्सा जास्तीचा धरावा. पाच इंची नग रंध्याखालून निघाला की पावणेपाच इंचांच्या आसपास उरतो, ही गोष्ट नकाशावरच्या मापात आधीच धरली नाही, तर नंतर बिजागरी आणि कडी-कोयंड्याची मापे चुकतात.

अख्खा गोल ओंडका घ्यायचा असेल तर हिशेब वेगळा असतो. ओंडक्याच्या मध्यावरचा घेर मोजून त्याचा चौथा भाग घेतात, त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. मधला घेर 48 इंच आणि लांबी 10 फूट असेल, तर चौथा भाग 12 इंच. 12 गुणिले 12 गुणिले 10, भागिले 144, म्हणजे 10 घनफूट. ओंडक्याचे खरे आकारमान मात्र 12.7 घनफुटांच्या आसपास असते, कारण या रीतीत कापण्यातल्या नुकसानीची सूट आधीच धरलेली असते. तरीही हे 10 घनफूट पूर्ण हाती लागतील असे समजू नये. साल, पांढरा थर, मधला पोकळ किंवा चिरलेला भाग आणि करवतीची फट यांत बरेच जाते. पहिल्याच कामाला ओंडका घेऊ नये; कापलेले नग डोळ्यांसमोर पाहून घ्यावेत.

तिसरी पायरी : वखारीत लाकूड पारखणे

सागाची पारख हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून इथे घाई करू नये. बाजारात साग अनेक नावांनी येतो. चंद्रपूर-गडचिरोली आणि मध्य प्रदेशाच्या जंगलांतल्या सागाला व्यापारी अजूनही ‘सीपी साग’ म्हणतात. जुन्या मध्य प्रांताच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे आहेत. बल्लारपूरचे आगार या लाकडासाठी प्रसिद्ध आहे आणि अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 साली तिथूनच लाकूड गेले. याखेरीज कर्नाटकातल्या दांडेलीचा, केरळातल्या निलांबूरचा आणि म्यानमारचा ‘बर्मा’ साग नावाजलेला आहे. आज मात्र वखारींतला फार मोठा माल आफ्रिका आणि दक्षिण व मध्य अमेरिकेतल्या लागवडींतून येतो. हाही खरा सागच, फक्त बहुतेक कमी वयाच्या झाडांचा, त्यामुळे त्यात गाभ्याच्या मानाने पांढरा भाग जास्त आणि गाठीही जास्त सापडतात. दुसरीकडे काही लाकडांना केवळ नावाने साग म्हणतात: ‘व्हाइट टीक’ म्हणून विकले जाणारे लाकूड बहुधा शिवणीचे असते, तर ‘आफ्रिकन टीक’ या नावाखाली भलत्याच जातींची लाकडे येतात. ती वाईट असतात असे नाही. पण सागाच्या भावात ती घेऊ नयेत.

गावाच्या नावापेक्षा समोरचा नग काय सांगतो ते पाहावे. सर्वप्रथम नगाचे टोक पाहावे. आडव्या कापावर वाढीची वर्तुळे स्पष्ट दिसतात आणि प्रत्येक वर्तुळाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक रांग असते. रंध्याने किंवा धारदार पटाशीने टोक साफ करून साधे भिंग धरले की ती रांग सहज दिसते. गाभा सोनेरी ते तपकिरी आणि बाहेरचा थर फिकट पिवळसर-पांढरा असतो. या पांढऱ्या थरात ती संरक्षक द्रव्ये नसतात. भुंगेरे आणि वाळवी याच भागात शिरतात. म्हणून नगाच्या चारही बाजू फिरवून पाहाव्यात आणि पांढरा पट्टा किती आहे हे मोजावे; दाराच्या चौकटीच्या भिंतीकडच्या बाजूला तो असणे तर सर्वांत धोक्याचे, कारण तिथे ओल असते आणि नंतर ती जागा कधीच दिसत नाही. काही ठिकाणी पांढरा भाग रंगवून गाभ्यासारखा केलेला असतो. शंका आली तर रंध्याचा एक हात मारायला सांगावे. आतून पांढरे निघाले की उत्तर मिळते.

ताज्या रंध्याखाली सागाला चामड्यासारखा विशिष्ट वास येतो आणि बोटांना किंचित मेणकट स्पर्श जाणवतो. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या नगाला वास येत नसेल तर थोडा खरवडून पाहावा. काही नगांवर पांढुरक्या, चुनखडीसारख्या रेघा किंवा ठिपके दिसतात. ते खनिजाचे साठे असतात, कीड नव्हे. मात्र त्यावर रंध्याची धार लवकर बोथट होते. नुकत्याच कापलेल्या सागाचा रंग अनेकदा हिरवट, तपकिरी आणि काळ्या पट्ट्यांचा, विचित्र ठिगळांसारखा दिसतो आणि नवखा ग्राहक तो बाजूला सारतो. उजेड लागला की काही दिवसांत रंग बराचसा एकसारखा होऊन सोनेरीकडे वळतो. यावरून दुसरी काळजी अशी, की एका टेबलाच्या फळ्या रंग जुळवून निवडायच्या असतील, तर त्या कापून उजेडात काही दिवस ठेवल्यावरच जुळवाव्यात.

आता दोष पाहावेत. नगाच्या एका टोकाशी डोळा लावून दुसऱ्या टोकाकडे पाहिले की वाक आणि पीळ कळतो. वाकलेला नग छोट्या तुकड्यांत कापून वापरता येतो. पिळलेला नग चौकटीला कधीही घेऊ नये. टोकावरच्या बारीक चिरा चालतात, पण त्या किती आत गेल्या आहेत ते पाहून तेवढी लांबी मापातून वगळायला सांगावी. घट्ट, लाकडाशी एकजीव झालेली लहान गाठ दारात शोभते; काळ्या कडेची, हलणारी गाठ पुढे निखळते. झाडाचा अगदी मधला भाग ज्यात आला आहे तो नग हमखास चिरतो, त्यामुळे टोकावर वर्तुळांचे केंद्र दिसत असेल तर तो नग नाकारावा.

जुने सागवान

पाडलेल्या वाड्यांचे आणि चाळींचे लाकूड मुंबई-पुण्यात वेगळ्या वखारींत मिळते आणि मला ते नव्या लाकडाइतकेच, कधीकधी त्याहूनही योग्य वाटते. ते मोठ्या झाडांचे असते, अनेक दशके वाळलेले असते आणि त्याचे जे काही वाकायचे होते ते वाकून झालेले असते. तुळईची भिंतीत गाडलेली टोके बहुधा कुजलेली निघतात, म्हणून तेवढा भाग सोडूनच मोजावे. लोहचुंबक फिरवून आतले खिळे शोधावेत. एक चुकलेला खिळा आरा मशीनचे पाते निकामी करतो आणि कापणाऱ्यालाही इजा करू शकतो. जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असते, तेव्हा असा रंग कोरडा घासू नये. रंग काढण्याचे रसायन लावून ओला असतानाच खरवडावा आणि लहान मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

चौथी पायरी : कागदपत्रे

वन विभागाच्या किंवा वन विकास महामंडळाच्या लिलावातल्या मालावर हातोड्याने ठोकलेली निशाणी असते आणि त्याच्या वाहतुकीसाठी परवाना लागतो. वखारीतून कापलेले लाकूड घेताना जातीचे नाव आणि घनफूट लिहिलेले पक्के बिल घ्यावे. स्वतःच्या शेतातले झाड असेल तरी ते परस्पर तोडता येत नाही: महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 मधील अनुसूचित झाडांत सागाचा समावेश आहे, त्यामुळे आधी परवानगी, मग तोड आणि मग वाहतूक परवाना, असाच क्रम ठेवावा.

पाचवी पायरी : सुकवणे

लाकूड कितीही उत्तम असो, ओले वापरले तर ते वाया गेले. झाडातले पाणी निघून गेल्यावरही लाकूड हवेतली ओल घेत आणि सोडत राहते, आणि शेवटी त्या-त्या गावच्या हवेशी जुळून स्थिरावते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत फर्निचरसाठी 8 ते 12 टक्के आणि कोकणपट्टीत 12 ते 15 टक्के ओल असलेले लाकूड चांगले समजावे. वातानुकूलित खोलीत जाणाऱ्या वस्तूंसाठी यातला खालचा आकडा धरावा. ओल मोजण्याचे छोटे विजेचे यंत्र बाजारात मिळते आणि वर्षातून दोन-तीन कामे करणाऱ्यानेही ते घ्यावे. यंत्र नसेल तर नगाच्या टोकापासून फूटभर आतून एक चकती कापून तिचे वजन करावे, ओव्हनमध्ये सुमारे 103 अंश सेल्सिअसवर वजन उतरायचे थांबेपर्यंत ती वाळवावी आणि पुन्हा वजन करावे. आधी 230 ग्रॅम आणि नंतर 200 ग्रॅम भरले, तर 30 ग्रॅम पाणी गेले. 30 भागिले 200, म्हणजे ओल 15 टक्के.

घरी सुकवायचे असेल तर छपराखाली, जमिनीपासून फूट-दीड फूट उंच सपाट आधारावर फळ्या रचाव्यात. प्रत्येक दोन थरांमध्ये एकसारख्या, साधारण इंचभर जाडीच्या पट्ट्या दोन-दोन फुटांवर ठेवाव्यात आणि त्या पट्ट्या खालपासून वरपर्यंत एकाच रेषेत याव्यात, नाहीतर फळ्या लाटेसारख्या वाकतात. टोकांना जाड रंग किंवा मेण लावावे, कारण टोकांतून पाणी फार झपाट्याने जाते आणि तिथूनच चिरा सुरू होतात. वर वजन ठेवावे. ऊन थेट लागू देऊ नये, वारा मात्र खेळता असावा. इंचभर जाडीची फळी कोरड्या ऋतूत तीन-चार महिन्यांत कामापुरती सुकते. अडीच इंची नगाला याहून बराच अधिक काळ लागतो. साग सावकाश पण शहाण्यासारखा वाळतो, म्हणजे फारसा फाटत-तुटत नाही, पण एकाच ढिगातले नग कमी-जास्त वेगाने वाळतात, म्हणून एकच नग तपासून सगळा ढीग वाळला असे मानू नये.

विक्रेता ‘केमिकल ट्रीटमेंट केलेले आहे’ असे सांगतो तेव्हा ते सुकवलेले आहे असा अर्थ होत नाही. किडीविरुद्ध बोरॉनसारखी द्रव्ये लाकडात मुरवली जातात ती पाण्यातूनच, आणि त्यानंतर लाकूड पुन्हा वाळवावे लागते. भट्टीत सुकवलेला माल घेतला तरी तो कामाच्या जागी आणून दोन-तीन आठवडे तसाच रचून ठेवावा. म्यानमारमध्ये पूर्वी झाड उभे असतानाच बुंध्याभोवती खोल खाच पाडून ते मारत आणि दोन-तीन वर्षे जंगलातच वाळू देत, कारण ओला साग नदीत नीट तरंगत नसे आणि मग ओंडके वाहून नेता येत नसत.

सहावी पायरी : कापणे आणि रंधणे

सागाच्या पेशींत सिलिका, म्हणजे वाळूचेच घटकद्रव्य, कमी-अधिक प्रमाणात असते. त्यामुळे साग हाताला मऊ लागत असला तरी हत्यारांची धार भराभर जाते. यंत्रावर कार्बाइडचे दात बसवलेले पाते वापरावे आणि हाताने काम करताना पटाशी व रंध्याचे पाते अर्ध्या-अर्ध्या तासाने पाजळावे. रंधताना रेषा ज्या बाजूला चढत असतील त्या बाजूने रंधा चालवावा. पृष्ठभाग उचकटू लागला की नग उलटा फिरवून पाहावा आणि पाते अगदी कमी बाहेर काढावे.

सागाच्या धुळीने काहींच्या त्वचेवर पुरळ उठते, डोळे चुरचुरतात आणि नाक गळते. लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासात जाणे नाकाच्या कर्करोगाचे कारण ठरू शकते, हे वैद्यकशास्त्राने मान्य केलेले आहे. घासकाम करताना चांगला मास्क लावावा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा आणि काम संपल्यावर हात-तोंड धुवावे. आपल्या सुतारालाही मास्क द्यावा आणि तो वापरण्याचा आग्रह धरावा.

सातवी पायरी : सांधे आणि आकसण्याला जागा

लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही; रुंदीत बदलते, आणि तेही कापावर अवलंबून असते. फळीच्या टोकाकडे पाहिल्यावर वर्तुळांच्या रेषा रुंद पृष्ठभागाला उभ्या छेदत असतील तर ती फळी कमी हलते. त्या रेषा पृष्ठभागाला जवळपास समांतर असतील, आणि अशाच फळीवर डोंगरासारखी मोठी नक्षी दिसते, तर ती जास्त हलते. सागाच्या बाबतीत हिशेब असा पडतो: ओल 1 टक्क्याने बदलली की दुसऱ्या प्रकारची फळी रुंदीच्या सुमारे 0.19 टक्के आणि पहिल्या प्रकारची सुमारे 0.10 टक्के बदलते. उन्हाळा ते पावसाळा या काळात ओलीत 5 टक्के फरक पडला, तर 300 मिलिमीटर रुंदीची नक्षीदार फळी पावणेतीन मिलिमीटर आणि उभ्या रेषांची फळी दीड मिलिमीटर फुगते. हीच गोष्ट 900 मिलिमीटर रुंदीच्या टेबलाला लावली की आठ मिलिमीटरपर्यंत फरक निघतो. इतर लाकडांच्या तुलनेत हा फरक कमी आहे, पण स्क्रू मोडायला आणि फळी फाटायला तो पुरेसा आहे.

म्हणून पॅनेलच्या दारात मधली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवावी. तिला गोंद लावू नये, खिळे मारू नयेत. काम उन्हाळ्यात होत असेल तर फळी आकसलेली असते, तेव्हा खाचेत दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर जागा सोडावी; भर पावसाळ्यात होत असेल तर जवळजवळ जागा सोडू नये. फळी बसवण्याआधी तिच्या कडांनाही पॉलिशचा हात द्यावा, म्हणजे पुढे ती आकसली तरी कडेला पांढरी रेघ उघडी पडत नाही. टेबलाची वरची फळी खालच्या सांगाड्याला घट्ट स्क्रूने आवळण्याऐवजी लांबट भोकांतून स्क्रू घालून किंवा खाचेत सरकणारे लाकडी ठोकळे लावून धरावी. दाराच्या आणि चौकटीच्या मध्ये पावसाळ्याचा विचार करून सर्व बाजूंनी सुमारे तीन मिलिमीटर फट ठेवावी.

सांध्यांमध्ये दार-खिडकी आणि टेबल-खुर्चीसाठी खाच आणि कुसवाचा सांधा सर्वांत भरवशाचा आहे: एका नगाच्या टोकाला जीभ काढायची आणि ती दुसऱ्या नगातल्या खाचेत घट्ट बसवायची. जिभेची जाडी नगाच्या जाडीच्या साधारण एक-तृतीयांश ठेवावी. सांधा हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी बसावा. जोराने ठोकावा लागला तर खाच फाटते आणि हाताने सहज सरकला तर तो सैल आहे. बाहेरच्या दारांना गोंदाबरोबर सागाचीच किंवा बांबूची खुंटी आरपार मारावी.

गोंद लावण्याआधी सागाच्या तेलकटपणाचा विचार करावा. रंधल्यावर त्याच दिवशी, शक्यतो दोन-चार तासांत गोंद लावावा, आणि त्याआधी एसीटोनने किंवा थिनरने भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने सांध्याचे पृष्ठभाग पुसून वाळू द्यावेत. घरातल्या कामाला नेहमीचा पांढरा सुतारी गोंद पुरतो. पावसात भिजणाऱ्या कामाला पाण्यात टिकणारा गोंद किंवा इपॉक्सी वापरावे. स्क्रूसाठी आधी ड्रिलने छिद्र पाडावे. किनाऱ्यालगतच्या गावांत खाऱ्या हवेमुळे लोखंड टिकत नाही, तिथे पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावेत. पितळी स्क्रू मऊ असल्याने तुटतो. म्हणून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी फिरवून वाट करावी, मग तो काढून मेण लावलेला पितळी स्क्रू बसवावा.

चौकट भिंतीत बसवण्यापूर्वी भिंतीकडच्या तिन्ही बाजूंना प्रायमरचे किंवा डांबराचे दोन हात द्यावेत. खालची टोके ओल्या फरशीत गाडू नयेत. न्हाणीघरात टोकांखाली ग्रॅनाइटचा तुकडा ठेवून मग उभे नग घ्यावेत.

आठवी पायरी : पॉलिश आणि देखभाल

घासकाम 120 नंबरच्या कागदाने सुरू करून 180 आणि शेवटी 220 पर्यंत न्यावे, नेहमी रेषांच्या दिशेने. काही पॉलिशे, विशेषतः पीयू (पॉलीयुरेथेन), सागाच्या तेलामुळे नीट वाळत नाहीत. म्हणून आधी थिनरने पुसून लाखेच्या पॉलिशचा एक पातळ हात द्यावा आणि मग वरचे थर लावावेत. जेवणाच्या टेबलाला मेलामाइन किंवा पीयू योग्य, कारण गरम भांडे आणि पाणी दोन्ही ते सोसतात. देव्हारा, पलंग, जुनी खुर्ची यांना लाखेचे हातपॉलिश अधिक खुलते आणि पुढे ओरखडा आला तर घरच्या घरी दुरुस्त होते.

बाहेरच्या बाकाला किंवा झोपाळ्याला जाड व्हार्निश लावण्याचा मोह टाळावा. ऊन आणि पावसाने त्याचे पापुद्रे सुटतात आणि मग सगळे खरवडून पुन्हा सुरुवात करावी लागते. सागाचा गाभा बाहेर काहीही न लावता टिकतो. फक्त त्याचा रंग काही महिन्यांत करडा-रुपेरी होतो. सोनेरी रंगच हवा असेल तर वर्षातून एकदा, पावसाळा संपून लाकूड पूर्ण वाळल्यावर, तेलाचा पातळ हात द्यावा. उकळलेल्या जवसाच्या तेलाने रंग छान येतो, पण दमट कोकणात त्यावर काळी बुरशी धरते. तिथे बुरशीरोधक मिसळलेले बाहेरच्या कामाचे तेल घ्यावे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. वापरून झाल्यावर ती पाण्यात बुडवावीत किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळू द्यावीत.

नवे दार पहिल्या पावसाळ्यात थोडे अडकले तर लगेच रंधा मारू नये. आधी बिजागरीचे स्क्रू सैल झाले आहेत का ते पाहावे, मग दाराची वरची आणि खालची कड आरसा धरून तपासावी. पॉलिश करणारे या दोन कडा हमखास विसरतात, आणि पाणी तिथूनच आत शिरते. कड कोरी असेल तर दार अडकते त्या जागी पेन्सिलीने खूण करून ठेवावी, पाऊस संपून दार वाळले की त्या कडांना पॉलिशचे दोन हात द्यावेत आणि त्यानंतरही खुणेच्या जागी घासत असेल, तरच रंध्याने तेवढीच पातळ ढलपी काढावी.